शेंदराची रेघ

पाना फरशीवर पडल्याचा आवाज झाला म्हणून मी मान वळवली. मामा वाकून तो उचलत होते आणि उचलता उचलता माझ्याकडे बघत होते, मी बघितलं का म्हणून. मी लगेच समोरच्या चाकात डोकं घातलं. मी बघितलं हे त्यांना कळलं असतं तर त्यांना काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या दिवशी कुणाचं कारण ऐकून घ्यायचीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

अष्टमीचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. त्या दिवशी आमच्यात पान्याला कामासाठी हात लावत नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला हार घालायची गाडी ज्याला त्याला अष्टमीलाच तयार करून पाहिजे. वर्षभर ब्रेक कुईकुई करत असतो, टायर पार गुळगुळीत होऊन जातो, तेव्हा कुणाला मिस्त्री आठवत नाही. अष्टमीला मात्र सगळ्यांना एकदम गाडीचा पुळका येतो. सकाळी सहापासून सतरा गाड्या झाल्या होत्या. ब्रेकचे लायनर बदल, ड्रम घास, बेअरिंगला ग्रीस भर, आऱ्या ताण, हवा बघ, की पुढची गाडी घे. दुपारची भाकरी मी उभ्यानंच आणि डाव्या हातानं खाल्ली, कारण उजव्या हाताचं ग्रीस धुवायला सवड नव्हती. मामांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं. आमच्या घरात असं बरंच काही चालायचं.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या कोल्हापूरकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. गावाला ते रावबा मिस्त्री. आजऱ्याहून आंबोलीकडे निघालं की आमचा फाटा लागतो, तिथं रस्त्याला लागून दुचाकींचं पत्र्याचं गॅरेज. माझा नवरा उत्तम चाकणला कंपनीत होता, महिन्यातून एकदा यायचा, दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. सासूबाई गेल्यावर मी मामांचा डबा घेऊन गॅरेजात जायला लागले, मग पाना द्यायला लागले आणि एक दिवस पंक्चर काढायला बसले ती बसलेच. भावकीनं नाकं मुरडली. लोहाराच्या सुनेनं रस्त्यावर बसून परक्या पुरुषांच्या गाड्या खोलायच्या, हे काही त्यांच्या गळी उतरेना. मामांनी त्यांना एकदाच ऐकवलं, तेही भर फाट्यावर.

"चाकाला बाई-बाप्या कळत न्हाई. नट घट्ट हाय का ढिला, एवढंच त्याला कळतंय."

त्यानंतर कुणी ब्र काढला नाही. त्या माणसाचं मी काय देणं लागत होते ते कळावं म्हणून हे आधी सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, बाई, तोंड शिवलं होतं का तुझं? होय, शिवलं होतं.

मामांचे गॅरेजचे दोन नियम होते. एक, चाक ज्यानं बांधलं त्यानंच गाडीवर बसून पहिली फेरी मारायची, मगच गाडी मालकाच्या हातात द्यायची. मरायचं झालं तर आधी मिस्त्री, असं ते हसत म्हणायचे. दुसरा नियम शेंदराचा. चाकाचा प्रत्येक नट आवळून झाला की मामा शेंदराच्या डबीत अंगठा बुडवायचे आणि नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक उभी रेघ ओढायचे. लोकांना वाटायचं, मिस्त्री भाविक आहे. भाविक होतेच. पण त्या रेघेत त्यांची हुशारीही होती. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटणार, आणि तुटलेली रेघ लांबून दिसणार. फाट्यावर आमची रेघ बघितली की लोक ब्रेक दाबून बघायचेसुद्धा नाहीत. एवढा विश्वास.

त्या अष्टमीच्या दोन वर्षं आधी मामांचे गुडघे गेले. गाडीवर टांग टाकता येईना, तेव्हा त्यांच्या चाकाची फेरीही मीच मारायला लागले. पहिला नियम तिथंच मोडला, पण दोघांपैकी कुणी तो मोडला असं म्हटलं नाही. मग त्यांच्या उजव्या हातातली पकड जायला लागली. एकदा त्यांनी बांधलेल्या गाडीवर फेरी मारताना मागच्या चाकाजवळ कुठंतरी खुळखुळल्यासारखं वाटलं. पुढं रस्त्याकडेला जांभळाचं मोठं झाड आहे, त्याच्या आड गाडी घेतली आणि बघितलं, तर शेंदराखालचा नट चांगला पाऊण फेरा ढिला. रेघ अगदी सरळ, एवढीशीही तुटलेली नाही, कारण नट मुळात आवळलाच गेला नव्हता. त्यांना वाटत होतं आपण आवळला. हात तेवढाच जोर लावत होता, आणि तो जोर आता कुठं पोचत नव्हता.

रात्री उत्तमला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, त्यांना घरी बसव. फोनवरून सगळंच सोपं असतं. सकाळी पाच वाजता उठून हात धुऊन, पान्यांना नमस्कार करून मगच चहा पिणाऱ्या माणसाला घरी बसव म्हणजे काय, ते चाकणमध्ये कसं कळायचं?

मी माझ्यापुरता रस्ता काढला. नेसत्या लुगड्यावर उत्तमचा जुना शर्ट घालायचे, त्याच्या एका खिशात चौदा नंबरचा पाना आणि दुसऱ्यात शेंदराची एक छोटी डबी ठेवायला लागले. मामांनी चाक बांधलं की फेरीला म्हणून निघायचं, जांभळाच्या आड थांबायचं, सगळे नट आवळायचे, रेघ नव्यानं ओढायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत यायचं. चोरी करणाऱ्यालासुद्धा एवढी धास्ती नसेल. पहिले काही महिने चारपैकी एखादा नट ढिला निघायचा. पुढं काय झालं कोण जाणे, ढिले निघणं बंद झालं. श्रावण गेला, गणपती गेले, एकही नट ढिला सापडला नाही. मला वाटलं, मामा हाताला चोळायचे त्या वैद्याच्या तेलाचा गुण आला. देवाला नारळही फोडला मी, खरं सांगते.

तर त्या अष्टमीला पाना पडला तेव्हा मामांच्या समोर पास्कूची गाडी होती. पास्कू सावंतवाडीकडचा मासेवाला. पहाटे बर्फातल्या माशांच्या दोन पेट्या मागं बांधून घाट चढायचा, आमच्या भागातली गावं फिरायचा आणि दुपारनंतर घाट उतरून घरी जायचा. रोजच्या त्या उतारानं त्याचे मागचे लायनर दोन महिन्यांत झिजून जायचे. त्याचं चाक मामाच बांधणार, दुसऱ्या कुणाच्या हातचं त्याला चालत नसे, माझ्याही नाही. त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची मुलगी लीना होती. गडहिंग्लजला नर्सिंग शिकत होती, सुट्टीला घरी चालली होती. पायात पांढरे बूट, मांडीवर बॅग, आमच्या बाकड्यावर बसून ती मामांना विचारत होती, आजोबा, तुम्ही नटाला पण कुंकू लावता? मामा हसत होते. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

चाक बांधून झालं. मी फेरीला म्हणून निघाले, जांभळाच्या आड गेले, स्टँड लावला आणि खाली बसले. बसले ती उठवेना. खिशातला पाना मांडीला टोचत होता. समोर मागच्या ब्रेकची थाळी, तिला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या नटावर मामांची ओली लालभडक रेघ. त्या नटातून एक पिन जाते, म्हणजे नट ढिला झाला तरी गळून पडत नाही. पण पास्कूच्या जुन्या गाडीची पिन कधीच गंजून गेली होती आणि आमच्या पिनांची पुडी त्या दिवशी दुपारीच संपली होती. मी रेघेकडे बघितलं. म्हटलं, दोन महिने एकसुद्धा ढिला निघालेला नाही. म्हटलं, अजून पाच गाड्या उभ्या आहेत. पाना बाहेर काढायचा, तो नटावर बसवायचा, जोर लावायचा, पुन्हा रेघ ओढायची, एवढं सगळं करायला हात वर येईचना. मी उठले, ब्रेक एकदा दाबून बघितला, लागला. गाडी नेऊन पास्कूच्या ताब्यात दिली.

तो रिकाम्या पेट्या बांधून, पोरीला मागं बसवून निघून गेला. मी पुढची गाडी स्टँडवर चढवली, चाक मोकळं केलं. चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मामा काही काम न करता बाकड्यावर बसून होते, उजवा हात डाव्या हातानं दाबत. मग ते एकदम म्हणाले, "पास्कूचं बघितलंस न्हवं?"

मी म्हटलं, काय बघितलं?

"जांभळाआड. पट्टीचा नट."

मी हातातलं चाक खाली ठेवलं. मग तेच बोलायला लागले, खाली मान घालून. म्हणाले, मला ठाऊक हाय पोरी, वरीस झालं. गाड्या परत येतात तेव्हा रेघा दिसतात. माझी रेघ शेवटपर्यंत सरळ जाते. तुझी खाली गोल होते, कुंकवागत. पहिल्यांदा लई राग आला. मग म्हटलं, तिला ढिला नट सापडूच द्यायचा न्हाई. पान्याला पाइप लावून आवळत हुतो, दोन्ही हातांनी, पाय देऊन. दोन महिने तसं चाललं.

"आज हात चाललाच न्हाई," ते म्हणाले. "पाइप धरवंना. बोटानं बसवला आणि रेघ ओढली. म्हटलं, एक दिवस ऱ्हाऊ दे. तू बघशीलच."

आणि मी म्हटलं होतं, एक दिवस राहू दे, त्यांनी आवळलाच असेल. दोघं एकाच दिवशी दमलो, बाकी काही नाही.

ती पट्टी सुटली आणि ब्रेक दाबला तर आतली थाळी चाकाबरोबर फिरते, नि मागचं चाक जागच्या जागी आवळतं. सपाट रस्त्यावर माणूस सोलवटून निघेल. आंबोलीच्या घाटात एका बाजूला दरी. पास्कूला फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला तर लागेचना. शाळेतल्या पाटील गुरुजींची गाडी तयार होऊन उभी होती. चाकं मी बांधलेली, फेरी मी मारलेली. मी तीच काढली. मामा उठून उभे राहिले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

त्या चौदा-पंधरा किलोमीटरांचं मला धड काही आठवत नाही. एवढं आठवतं की प्रत्येक वळणावर मी आधी रस्त्यावर नट शोधत होते आणि मग कठड्याकडे बघत होते. आंबोली आली तसं धुकं सुरू झालं. तिथलं धुकं म्हणजे कापूस पिंजून रस्त्यावर टाकावा तसं, स्वतःच्या गाडीचा दिवा दिसत नाही. वेग कमी करावा लागला आणि वेग कमी झाला तसं मला रडू यायला लागलं. त्या पोरीचे पांढरे बूट डोळ्यांपुढून हलेनात. स्वतःला अशा शिव्या घातल्या मी, की त्या इथं सांगायच्या लायकीच्या नाहीत.

घाटाच्या तोंडाशी चहाच्या दोन टपऱ्या आहेत. मी त्या ओलांडून पुढं गेलेसुद्धा होते. धुक्यात टपऱ्या दिसल्याच नाहीत. पण एकदम नाकात माशांचा वास शिरला. मी करकचून ब्रेक दाबला, गाडी तिथंच आडवी टाकली आणि वासाच्या मागं चालत आले. पास्कूची गाडी टपरीला टेकून उभी होती. बापलेक आत बाकड्यावर बसून, धुकं जरा हटायची वाट बघत चहा पीत होते.

मी त्यांच्याशी काही न बोलता आधी गाडीपाशी बसले. पट्टीचा नट दोन बोटांत धरला. तो पाना न लावता बोटांनीच फिरला. एक फेरा, दुसऱ्या फेऱ्याला हातात आला. शेंदराची रेघ तुटून अर्धी पट्टीवर राहिली होती. मी तो नट मुठीत धरून तशीच बसून राहिले.

पास्कू बाहेर आला. "काय झाला गो? धावत कित्याक इलंस?" म्हणाला, म्हणजे धावत का आलीस. मी मूठ उघडली, त्यानं नट बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. तो चाकाकडे बघत राहिला, मग मागं वळून पोरीकडे. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, की हे चाक कुणी बांधलं. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं कुणी बांधलं ते. तरी विचारलं. त्याला दुसरं काही ऐकायचं होतं.

"शेवटी मी उघडलं होतं," मी म्हटलं. "फेरीच्या वेळी. आवळायचं राहिलं. चूक माझी."

उघडलं नव्हतं, बाकी सगळं खरं होतं. मी नट बसवला, अंगातला होता नव्हता तो जोर लावून आवळला, आणि मामांचा नियम म्हणून त्या गाडीवर बसून घाटात दोन वळणं खाली जाऊन परत आले. पिनेच्या जागी टपरीवाल्याकडून तार घेऊन पिळून घातली. पास्कू मला रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या बोलीत म्हणाला, की चुका होतात, तू अजून नवी आहेस. म्हाताऱ्याच्या हाताखाली आहेस तोवर शिकून घे, मिस्त्रीच्या हातचं चाक आजवर कधी ढिलं निघालेलं नाही. मी मान हलवली. लीनानं मागं बसताना एकवार त्या नटाकडे वाकून बघितलं. पोरगी हुशार होती, तिला काय कळायचं ते कळलं असावं.

परत आले तेव्हा मामा मी सोडून गेले होते तिथंच उभे होते. गुडघ्यांवर त्यांना तेवढा वेळ उभं राहता येत नव्हतं, तरी. मी सांगितलं, दोघं सुखरूप आहेत. ते मटकन बाकड्यावर बसले आणि विचारलं, काय म्हणाला पास्कू? मी जसंच्या तसं सांगितलं. मिस्त्रीच्या हातचं चाक कधी ढिलं निघालं नाही, हेही सांगितलं. का सांगितलं? राग होता माझा, त्यांच्यावर, माझ्यावर, त्या जांभळाच्या झाडावर. ते ऐकून मामा लहान पोरासारखे रडले. त्यांना रडताना मी सासूबाईंच्या वेळीसुद्धा बघितलं नव्हतं. मग मीही रडले. राहिलेल्या पाच गाड्यांचे मालक तेवढ्यात आले, आणि आमच्याकडे बघून रस्त्याच्या पलीकडेच उभे राहिले.

खंडेनवमीला मामांनी नेहमीसारखे पाने पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर कामाला बसलो तेव्हा त्यांनी त्यांचा चौदाचा पाना माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः बाकड्यावर बसले, फक्त शेंदराची डबी मांडीवर घेऊन. मी चाक बांधलं, आवळलं. त्यांनी गिऱ्हाइकासमोर, रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं, मामा."

मग त्यांनी रेघ ओढली. त्या दिवसापासून प्रत्येक चाकाला तसंच. लोक हसायचे, म्हणायचे मिस्त्री आता सुनेला कवायत शिकवायला लागला. हसू देत. नऊ वर्षं त्यांनी विचारलं आणि नऊ वर्षं मी उत्तर दिलं, आणि जांभळाच्या आड मी पुन्हा कधी थांबले नाही.

मामांना जाऊन तीन वर्षं झाली. चाकणची कंपनी बंद पडल्यावर उत्तम घरी आला, आता गॅरेजात माझ्या शेजारी बसतो, पंक्चर काढतो, टायर चढवतो. मागच्या महिन्यात एक गाडी परत आली. चाक मी बांधलेलं, रेघ माझी, खाली गोल झालेली. नटाला सहज बोट लावलं, तर तो हलला. उत्तमनं ते बघितलं आणि पटकन दुसरीकडे तोंड केलं. चांगला आहे तो, बापावर गेलाय. संध्याकाळी मला दिसलं, त्यानं एक पाना गुपचूप शर्टाच्या खिशात टाकलाय.

मी त्याला हाक मारली. म्हटलं, तो पाना बाहेर काढ आणि इथं माझ्या शेजारी बस. हे चाक मी आत्ता बांधलंय. बघ. पण झाडामागं नको. माझ्यासमोर बघ.